सरवा वेचणारी बाई आणि चिनी कवी

इ.स. 807 च्या सुमारास, चीनची तेव्हाची राजधानी चांगआन हिच्या पश्चिमेकडच्या झोउझी तालुक्यात, पस्तिशीतला एक सरकारी अधिकारी गव्हाची काढणी पाहत उभा होता. वरून ऊन पाठ भाजत होते, खालून माती तळपाय पोळत होती, आणि तरी दिवस मोठा आहे तोवर काम उरकावे म्हणून कोणी विळा खाली ठेवत नव्हते. त्या गर्दीत एक बाई होती. काखेला तान्हे मूल, डाव्या हातात फाटकी टोपली, आणि उजव्या हाताने ती जमिनीवर पडलेल्या लोंब्या वेचत होती. घरची शेती कर भरण्यात गेली, आता पोटाला हा सरवाच, असे तिचे म्हणणे. अधिकाऱ्याला वर्षाकाठी तीनशे माप धान्य पगार होता. वर्ष सरताना त्यातले काही शिल्लकही राही. आपण कधी नांगर धरला नाही, मग हे धान्य आपल्याला कोणत्या पुण्याईने, या विचाराने तो दिवसभर बेचैन राहिला. त्या बेचैनीची त्याने कविता केली. कवीचे नाव बाय जूयी.

धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब, वाशी, भूम भागात माघ-फाल्गुनात ज्वारीच्या मोकळ्या झालेल्या रानातून पडलेली कणसे वेचणाऱ्या बाया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही कविता समजावून सांगावी लागत नाही. वेई नदीचे खोरे आणि बालाघाटाचे पठार यांच्यात हजारो मैलांचे आणि बाराशे वर्षांचे अंतर आहे. पण टोपली तीच आहे, काखेतले मूल तेच आहे, आणि शेत कसे गेले याची गोष्टही फारशी वेगळी नाही.

प्राचीन चिनी कवितेची ओळख आपल्याकडे बहुधा चंद्र, मद्य, धुके आणि बांबूची बने अशा चित्रांतून होते. ती सगळी तिच्यात आहेतच. मात्र सलग वाचत गेले की ध्यानात येते, या कवितेला खरा लळा घर सुटलेल्या माणसाचा आहे. लढाईने घर सुटते, करापायी सुटते, बदलीने सुटते, लग्नाने सुटते. सुटलेल्याने मागे वळून पाहिले की कविता होते. धाराशिव जिल्ह्याच्या मातीतल्या जुन्या शब्दांनाही हाच लळा आहे. फरक पडतो तो एका ठिकाणी: ही व्यथा कोणाच्या तोंडून बोलली जाते?

चिनी कवितेचा सर्वांत जुना संग्रह 'शी चिंग'. त्यात 305 रचना आहेत आणि त्यांपैकी 160 निरनिराळ्या राज्यांतली गाणी आहेत, इसवी सनापूर्वी अकराव्या ते सातव्या शतकांच्या आसपासची. परंपरा सांगते की राजाची माणसे गावोगाव हिंडून ही गाणी गोळा करीत, कारण रयत सुखात आहे की कावलेली, हे दरबारातल्या अहवालापेक्षा गाण्यातून अधिक कळे. पुढे हान वंशातल्या सम्राट वू याच्या अमदानीत संगीताचे स्वतंत्र सरकारी खाते नावारूपाला आले. लोकगीते जमवणे हेही त्याचे काम मानले जाते. त्या परंपरेतले एक गाणे विसरता येत नाही. पंधराव्या वर्षी सैन्यात गेलेला माणूस ऐंशीव्या वर्षी गावी परततो. घराच्या जागी थडगी आहेत. अंगणात आपोआप उगवलेले धान्य तो कांडतो, भाजी शिजवतो, आणि मग ताट कोणाला वाढायचे हे त्याला सुचत नाही. एवढेच गाणे. लढाई कोणी जिंकली याचा त्यात उल्लेखही नाही.

आपल्याकडेही राजाने गाणी जमवल्याची परंपरा आहे. सातवाहन राजा हाल याने कोटभर गाथांमधून सातशे निवडल्या असे सांगतात. ती 'गाथासप्तशती', माहाराष्ट्री प्राकृतातली. तिच्यात शेतातली राखण आहे, गोदावरीचा काठ आहे, चोरट्या भेटी आहेत, आणि पानोपानी प्रवासाला गेलेला पुरुष व त्याची वाट पाहणारी बायको आहे. हा पुरुष जातो कुठे? धाराशिवकरांनी याचे उत्तर आपल्या अंगणात शोधावे. आजचे तेर म्हणजे त्या काळचे तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनाने तगरचे नाव घेतले आहे: पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर, जिथून कापड आणि मलमल गाड्यांतून भरूच बंदराकडे जाई, तेही धड रस्ते नसलेल्या मुलखातून. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या वैभवाच्या खुणा मांडलेल्या आहेत. तेरला सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीचे पाँपेईत मिळालेल्या मूर्तीशी साम्य अभ्यासकांना नेहमी खुणावते. या व्यापाराबद्दल पुष्कळ लिहिले जाते. पण भरूचपर्यंत बैलगाडी हाकणाऱ्या माणसाच्या घरी तेवढे महिने चूल कोण पेटवत होते, हे संग्रहालयातल्या कपाटात दिसणार नाही. ते गाथेत दिसते.

तांग घराण्याच्या काळात, म्हणजे 618 ते 907 या जवळजवळ तीनशे वर्षांत, चिनी कविता शिखरावर पोचली. अठराव्या शतकाच्या आरंभी सम्राट कांगशीच्या आज्ञेने त्या काळच्या सगळ्या कविता एकत्र केल्या, तेव्हा दोन हजारांहून अधिक कवींच्या सुमारे 49 हजार रचना भरल्या. हे कवी बहुतेक सगळे परीक्षा देऊन नोकरीत शिरलेले, किंवा शिरू न शकल्याने झुरणारे. नोकरी म्हणजे राजधानीपासून दूरची नेमणूक. काही वर्षांनी दुसरीकडे बदली. वरच्यांची मर्जी गेली की दक्षिणेच्या दमट मुलखात हद्दपारी. त्यामुळे निरोपाची कविता हा तिथे एक मोठा प्रकारच झाला. नदीकाठचा धक्का, शेवटचा प्याला, वाळुंजाची मोडून हातात दिलेली फांदी. बाय जूयी आणि त्याचा मित्र युआन चेन हे वर्षानुवर्षे वेगवेगळ्या गावी राहिले आणि एकमेकांना कविता पाठवत राहिले. प्रेयसीपेक्षा मित्राच्या वियोगावर या भाषेने अधिक शाई खर्च केली आहे, आणि मित्रासाठी एवढे उघडपणे रडणारे पुरुष जगाच्या कवितेत दुसरीकडे क्वचितच भेटतात.

बदलीवर आलेला आणि लिहिणारा अधिकारी धाराशिवलाही मिळाला, पण तो इंग्रज होता. 1853 च्या तहाने निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला आणि नळदुर्गच्या कारभारावर फिलिप मेडोज टेलरची नेमणूक झाली. 1857 मध्ये वऱ्हाडात बदली होईपर्यंत तो इथे होता. 'स्टोरी ऑफ माय लाइफ' या आत्मचरित्रात त्याने या दिवसांबद्दल आपुलकीने लिहिले आहे. चिनी परंपरेत तो चपखल बसला असता.

या जिल्ह्याचा स्वतःचा कवी मात्र कचेरीतून आला नाही. तो कुंभारवाड्यातून आला. गोरोबाकाका तेरचे, तेराव्या-चौदाव्या शतकांतले. माती तुडवायची, चाक फिरवायचे, आवा लावायचा आणि मुखाने विठ्ठल म्हणायचे. त्यांचे जे थोडे अभंग हाती लागतात, त्यांतला अनुभव मोठ्या योग्याचा आहे आणि हात कुंभाराचे आहेत. चिनी कवितेत याच्या जवळ जाणारा एक ताओ युआनमिंग. इ.स. 405 मध्ये त्याने पंगझचे अधिकारीपद ऐंशी दिवसांत सोडले, कारण पगाराच्या चार दाण्यांसाठी वरिष्ठांपुढे कमरेत वाकणे त्याला जमेना. तो गावी परतला, शेती केली, शेवंतीची फुले जपली, उपासमारही सोसली आणि त्यावर अतिशय साध्या, स्वच्छ कविता लिहिल्या. चिनी रसिकांनी त्याला डोक्यावर घेतले ते एवढ्यासाठी की अधिकारी असून त्याने माती हातात घेतली. गोरोबांना माती हातात घ्यावी लागली नाही. ती जन्मापासून होतीच. म्हणून बाय जूयीला गव्हाच्या रानात जी शरम वाटली, तिला गोरोबांच्या अभंगात जागाच नाही. कष्टकऱ्याकडे दुरून पाहणारा कवी आणि स्वतः कष्टकरी असलेला कवी, यांच्यातले हे अंतर कितीही मोठ्या प्रतिभेने बुजत नाही. बाय जूयी मोठा आहे तो ते अंतर त्याने लपवले नाही म्हणून.

निरोपाची कविता आपल्याकडेही आहे आणि ती चिनी कवितेच्या तोडीची आहे. 1296 मध्ये आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली, तेव्हाचे नामदेवांचे अभंग म्हणजे मित्राला दिलेला मराठीतला सर्वांत मोठा निरोप. ज्या नामदेवांना गोरोबांनी संतमेळ्यात डोक्यावर थापटणे मारून कच्चे मडके ठरवल्याची कथा आहे, त्याच नामदेवांनी पुढे हा विरह शब्दांत मांडला. 1317 मध्ये, चैत्र वद्य त्रयोदशीला, गोरोबाही गेले. तेरणेकाठी त्यांची समाधी आहे आणि दर चैत्रात तिथे यात्रा भरते. जानेवारी 2020 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे 93 वे अधिवेशन या जिल्ह्यात भरले, तेव्हा संमेलननगरीला त्यांचेच नाव दिले होते.

आता बायांकडे वळायला हवे, कारण खरी गाठ तिथे आहे. चिनी कवितेत वाट पाहणारी स्त्री जागोजागी भेटते. सीमेवर गेलेल्या नवऱ्यासाठी हिवाळ्याचे कपडे धोपटणारी, उंच माडीवरून रस्त्याकडे डोळे लावून बसलेली, पडद्याआड चांदणे पाहणारी. पण तिचे शब्द बहुतेक वेळा पुरुषाने लिहिलेले असतात. कित्येकदा तर ती स्त्री निमित्तमात्र असते. राजाने दूर लोटलेला अधिकारी स्वतःचे गाऱ्हाणे नवऱ्याने टाकलेल्या बायकोच्या तोंडून मांडतो. बाय जूयीने 816 मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध दीर्घकवितेत रात्री नदीवर वीणेसारखे वाद्य वाजवणारी एक स्त्री भेटते, एके काळी राजधानीत गाजलेली, आता चहाच्या व्यापाऱ्याने नावेत एकटी सोडलेली. तिची कहाणी ऐकून सर्वांत जास्त रडतो तो हद्दपार अधिकारी, कारण तिच्यात त्याला आपणच दिसतो. कविता सुंदर आहे यात वाद नाही. पण त्या बाईचे पुढे काय झाले, हे विचारायचे तिच्यात राहून गेले.

दू फूचे तसे नाही, आणि म्हणून तो या सगळ्यांत मोठा वाटतो. 755 मध्ये आन लूशानचे बंड उसळले आणि आठ वर्षे चीन होरपळत राहिला. 759 मध्ये दू फू एका खेड्यात रात्रीपुरता उतरला होता. अंधारात सैन्यभरतीचा शिपाई माणसे धरायला आला. म्हातारा घरमालक भिंतीवरून उडी मारून पळाला आणि म्हातारी दाराशी गेली. तिचे तीन मुलगे लढाईवर, त्यांतले दोन नुकतेच मेल्याचे पत्र आलेले. घरात आता अंगावर पिणारा नातू आणि त्याची आई, जिला बाहेर येण्यासारखे धड लुगडेही नाही. न्यायचेच असेल तर मला न्या, म्हातारी म्हणते, छावणीत सकाळचे जेवण तरी रांधीन. पहाटे दू फू निघतो तेव्हा निरोप घ्यायला एकटा म्हातारा उरलेला असतो. कवितेचा मोठा भाग त्या म्हातारीच्या तोंडचा आहे. कवी मध्ये पडत नाही, हळहळ व्यक्त करत नाही, स्वतःची तुलना करत नाही. तो ऐकतो आणि लिहून ठेवतो. एवढ्या मोठ्या वाङ्मयात असे ऐकणारे कान थोडे आहेत.

मराठवाड्यातल्या बाईला मात्र दू फूची वाट पाहावी लागली नाही. गंगाखेडहून आलेली, नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणारी जनाबाई दळणकांडणावर अभंग रचते आणि त्यावर स्वतःची मुद्रा उमटवते. ली छिंगचाव ही चिनी भाषेतली थोर कवयित्री बाराव्या शतकात होऊन गेली, पण ती विद्वानाची लेक आणि विद्वानाची बायको होती. दासीने आपल्या नावावर आपल्या कष्टाची कविता ठेवावी, ही मराठीची मिळकत आहे आणि तिचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

जनाबाईच्या मागे उभ्या आहेत जात्यावर बसलेल्या लाखो बाया. पहाटे दळायला बसले की ओवी आपोआप यायची. विषय ठरलेले: माहेर, आईबाप, सासुरवास, लेकीचे जाणे, पंढरीची वाट, तुळजापूरची भवानी, आणि सगळ्यांहून जास्त भाऊ. नवऱ्याचे नाव ओवीत जपून येते, भावाचे मात्र हक्काने. तो सणाला न्यायला येईल का, भावजय त्याला येऊ देईल का, तो आला तर गावाला दाखवीन कसा, हे ओवीचे मोठे प्रश्न. इथे चिनी कवितेतला सू शी आठवतो. 1076 मध्ये आठव्या चिनी महिन्याच्या पौर्णिमेला मिझोउ गावात रात्रभर पिऊन त्याने आपला धाकटा भाऊ सू झ याच्यासाठी गीत लिहिले. कित्येक वर्षे भेट नाही. चंद्र दोघांना दिसतो आहे एवढाच आधार, आणि दोघेही दीर्घायुषी असोत एवढेच मागणे. चिनी लोक आजही ते गीत गातात. भावासाठीची ती ओढ जात्यावरच्या बाईला परकी वाटली नसती. फरक इतकाच की सू शी नोकरीपायी दूर होता, बदली मागू शकत होता. तिची बदली लग्नाने झाली होती आणि ती कायमची होती.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांचे ध्वनिमुद्रण आणि नोंदी यांची घडी बसवली. 2017 पासून 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या लोकांपुढे आणायला सुरुवात केली. त्याआधी साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून हा ठेवा राखला. शी चिंगसाठी राजाने माणसे पाठवली असे म्हणतात. इथे ते काम मास्तरांनी, कार्यकर्त्यांनी आणि संशोधकांनी आपण होऊन केले.

चिनी कवितेत शरद हा दुःखाचा ऋतू. पाने गळतात, रानहंस दक्षिणेकडे जातात, आणि घरापासून दूर असलेल्या माणसाला वय झाल्याची जाणीव होते. आपल्याकडे तेच दिवस रब्बीच्या पेरणीचे आणि दसरा-दिवाळीचे. पण गेल्या पन्नासेक वर्षांत या जिल्ह्यातल्या अनेक गावांना शरदाचा चिनी अर्थ कळू लागला आहे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. भांडी, गोधड्या, शेळी, धाकटी पोरे असा सगळा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतो आणि मागे म्हातारी माणसे व शाळेतली पोरे राहतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, उन्हाळ्यापर्यंत, कोपीत राहायचे. चिनी कवितेत नवरा जायचा आणि बायको राहायची. गाथेतही तसेच. इथे दोघेही जातात. वाट पाहते ती आजी. या आजीची कविता अजून कोणी नीट लिहिलेली नाही, आणि मराठीतल्या तरुण कवींना याहून मोठा विषय जवळपास सापडणार नाही.

आणि चंद्र. चिनी कवितेतला हा सर्वांत गाजलेला विषय प्रेमाचा नसून कुटुंबाचा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. 756 मध्ये बंडखोरांच्या ताब्यातल्या चांगआनमध्ये अडकलेला दू फू चंद्र पाहतो आणि स्वतःच्या एकटेपणाबद्दल बोलतच नाही. दूर फूझोउ गावी बायको हाच चंद्र एकटीने पाहत असेल, लेकरे इतकी लहान आहेत की बापाची आठवण म्हणजे काय हेही त्यांना कळत नसेल, असे तो लिहितो. आठव्या चिनी महिन्याची पौर्णिमा हा तिथे सगळ्यांनी घरी एकत्र येण्याचा सण. आपल्या पंचांगात ती बहुधा भाद्रपदाची पौर्णिमा असते. तिच्या दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष, गेलेल्यांची आठवण. चंद्राचा आपला सण महिनाभराने, कोजागरीला. तेव्हा सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी चालणाऱ्यांनी भरून जातो आणि दसऱ्यानंतर पलंगावर विसावलेली तुळजाभवानी श्रमनिद्रेतून उठते.

1993 मध्ये चीनचा हा घरी परतण्याचा सण 30 सप्टेंबरला आला होता. त्याच तारखेला, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते, आणि आकाशात जवळजवळ पूर्ण चंद्र होता. किल्लारीचे नाव जगाला कळले, पण सास्तूरसह लोहारा-उमरग्याच्या पट्ट्यातली गावेही त्या पहाटे जमीनदोस्त झाली. माणसे मारली ती घरांनी: जाड दगड-मातीच्या भिंती आणि त्यांच्यावर मातीचे जड माळवद. उन्हात गारवा देणारे तेच घर झोपेत अंगावर आले. हजारो माणसे गेली. लहान लेकरे गेली, त्यांना कडेवर घेऊन नाचलेली माणसे गेली. पुढे दोन्ही जिल्ह्यांत मिळून पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसवली गेली.

घर पडल्याची चिनी कविता सर्वांना ठाऊक आहे, आणि तीही दू फूचीच. 761 मध्ये चंगदू इथल्या त्याच्या झोपडीचे छप्पर शरदातल्या वाऱ्याने उडवून नेले. गावातल्या पोरांनी गवत पळवले, त्यांच्यामागे धावायला म्हाताऱ्याच्या अंगात बळ नव्हते. रात्रभर पाऊस गळत राहिला, अंथरूण भिजले, पोराने फाटकी गोधडी आणखी फाडली. त्या अवस्थेत तो दहा हजार खोल्यांच्या एका प्रचंड घराचे स्वप्न पाहतो, वादळातही डोंगरासारखे अढळ राहील असे, ज्यात जगातल्या सगळ्या गरीब विद्वानांना आसरा मिळेल. तसे घर उभे राहिले तर माझी झोपडी मोडून मी गारठून मेलो तरी चालेल, असे तो म्हणतो. हे मागणे फार उदात्त आहे. तरीही सास्तूरच्या वाचकाला त्यातली एक जागा खटकायला हवी. इतक्या मोठ्या घरातही दू फूला आधी गरीब विद्वान आठवले. माळवदाखाली झोपणारा शेतमजूर त्या दहा हजार खोल्यांत कुठे आहे? 759 मध्ये म्हातारीचे बोलणे शब्दन्‌शब्द ऐकणाऱ्या कवीकडून ही अपेक्षा करणे अवाजवी नाही. थोर कवितेवर प्रेम करावे आणि तिला जाबही विचारावा.

जाते आता घराघरातून गेले. पिठाची गिरणी आली, बायांच्या खांद्यावरचे ओझे उतरले, हे फार चांगले झाले; त्याबद्दल हळहळणारा माणूस कधी पहाटे उठून दळायला बसलेला नसतो. पण दळण्याबरोबर ओवीची वेळही गेली. लग्नात हळदीला जाते पुजतात, चार ओव्या होतात, आणि पुढच्या बायांना पाचवी येत नाही. शी चिंगमधल्या 160 गाण्यांमागच्या गायिकांपैकी जवळजवळ कोणाचेही नाव आज सांगता येत नाही. गाथासप्तशतीच्या काही गाथांवर कवींची आणि थोड्या कवयित्रींची नावे परंपरेने लावली आहेत, पण ज्या शेतकरणींच्या तोंडचे शब्द त्यांत वाटतात, त्या बेनाम आहेत. अडीच हजार वर्षांनंतर आपल्याला ती चूक पुन्हा करण्याचे कारण नाही.

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परांडा, वाशी या आठही तालुक्यांत सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या आज्या आहेत, ज्यांना ओव्या पाठ आहेत. ज्यांच्या घरी अशी आजी आहे त्यांनी तिच्यापुढे फोन ठेवून तिला गाऊ द्यावे, मध्ये थांबवू नये. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या आजीकडे तर आधी जावे. शाळांनी आणि ग्रामपंचायतींच्या वाचनालयांनी हे काम हाती घ्यावे, आणि प्रत्येक ओवीखाली गाव, तारीख आणि गाणाऱ्या बाईचे पूर्ण नाव, तिला विचारून, लिहून ठेवावे.